नानांचं मत कसं कळलं?

पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा. ज्यांच्या गावात पुढं ग्रामपंचायतीची, सोसायटीची नाहीतर कारखान्याची निवडणूक लागणार आहे, त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचावी ही विनंती.

डिसेंबर २०२५ मध्ये आपल्याकडं नगरपालिकांचा धुरळा उडाला. बारामती झाली, इंदापूर झालं. निकाल लागले, गुलाल धुतला गेला, बातम्या देऊन आम्हीही मोकळे झालो. त्यानंतर एका रात्री जेवताना माझी लेक मला म्हणाली, "पप्पा, तुम्ही मतदान केलं ना? ते किती प्रकारांनी करता आलं असतं, सांगा बरं."

लेक अकरावीला आहे. कॉलेजात पर्म्युटेशन-कॉम्बिनेशनचा धडा चालू होता. मी म्हटलं, आकडे दे. तिनं मनानंच उमेदवार धरले. नगराध्यक्षाला पाच, प्रभागातल्या 'अ' जागेला तीन, 'ब' जागेला चार. प्रत्येक ठिकाणी नोटा वेगळा. म्हणजे पर्याय झाले सहा, चार आणि पाच.

मी भाकरी मोडता मोडता सांगितलं, "पंधरा."

ती हसायलाच लागली. "पप्पा, बेरीज नाही करायची. एकशेवीस!"

वीस-बावीस वर्षं निवडणुका कव्हर करणारा माणूस मी. कुठल्या वस्तीवर कुणाचं किती चालतं हे झोपेत सांगेन. पण एका मतदाराच्या हातात नक्की किती पर्याय असतात, हे मी कधी मोजलंच नव्हतं. तिनं पाटाशेजारी वही उघडून दाखवलं. नगराध्यक्षाच्या सहापैकी कुठलंही बटण दाबा, पुढं 'अ' जागेची चार बटणं वाट बघत असतातच. म्हणजे सहा चोक चोवीस. या चोवीसपैकी कुठल्याही वाटेनं या, पुढं 'ब' ची पाच बटणं आहेतच. चोवीस पंचे एकशेवीस. पुस्तकात याला गुणाकाराचं तत्त्व म्हणतात. तिच्या सरांनी एका वाक्यात सांगितलंय: 'आणि' आलं की गुणाकार, 'किंवा' आलं की बेरीज. नगराध्यक्ष आणि अ आणि ब, म्हणून गुणाकार.

मी गमतीनं विचारलं, एखादी जागा बिनविरोध झाली तर? ती म्हणाली, "मग तिथं गुणिले एक. कितीही मोठ्या आकड्याला एकनं गुणा, वाढतो का?" या वेळी बारामतीत काही जागा बिनविरोध झाल्या, तेव्हा आम्ही सगळ्यांनी 'बिनविरोधची परंपरा' वगैरे मथळे दिले. 'गुणिले एक' हा मथळा कुणालाच सुचला नाही. असो.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण त्या रात्री झोप लागेना. मला नाना आठवले.

साधारण अठरा वर्षांपूर्वीची गोष्ट. पत्रकारितेचा डिप्लोमा नुकताच झाला होता, एका दैनिकाचा तालुक्यातला बातमीदार म्हणून काम करत होतो. मोटारसायकल, खिशात दोन पेन, आणि जगातलं सगळं आपल्याला कळतं हा भ्रम. आमच्या भागातल्या एका कारखान्याची निवडणूक लागली होती. कारखान्याचं नाव देत नाही. गाव पण सांगत नाही. नाना आमच्या शेजारचे. तीन एकर ऊस, कारखान्याचे जुने सभासद, आणि धाकटा मुलगा त्याच कारखान्यात हंगामी कामाला.

मतदानाच्या आदल्या दिवशी नाना ओट्यावर येऊन बसले.

"आरं पत्रकार, एक इचारू का? आपण मत कुणाला दिलं, ते कळतंया का रं त्यांना?"

मी विचारलं, "का नाना?"

"न्हाय, दोन मतं त्यांचीच हायती. आपलं पोरगं हाय तिथं कामाला. पर तिसरं मत बापूला द्यावं म्हंतो. एकत्र शाळंत हुतो आमी. अपक्ष उभा हाय त्यो. निवडून न्हाय यायचा, पर माणसाला बरं वाटंल."

नानांच्या गटात तीन जागा होत्या. रिंगणात आठ उमेदवार: दोन पॅनेलचे तीन-तीन आणि दोन अपक्ष. एकाच मतपत्रिकेवर आठही नावं, आणि त्यावर तीन शिक्के मारायचे.

मी काय केलं? नवा नवा डिप्लोमा. गुप्त मतदानावर दहा मिनिटं भाषण ठोकलं. मतपत्रिकेवर नाव नसतं, गाव नसतं, घडी घालून पेटीत टाकायची, हजारो चिठ्ठ्यांत तुमची कुठली हे ब्रह्मदेवाला पण कळणार नाही, असं सांगितलं. नाना खूश होऊन गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी मनासारखं मत दिलं.

मोजणीला मी हजर होतो. त्या मोजणीत पेट्या गावागणिक उघडल्या गेल्या. आमच्या गावच्या पेटीत पावणेदोनशेच्या आसपास मतं होती. टेबलापलीकडं दोन्ही पॅनेलचे प्रतिनिधी वही-पेन घेऊन बसलेले. एकेक मतपत्रिका उघडून दाखवली जायची. सरळ पॅनेलवर तीन शिक्के असले की ती झटकन बाजूला जायची. पण जिथं शिक्के इकडंतिकडं पडलेले असायचे, तिथं प्रतिनिधीचं पेन वहीवर चालायचं. मला वाटलं, हिशेब लिहितायत. हिशेबच होता तो. फक्त कशाचा, ते मला कळलं नाही.

त्या हंगामात नानांच्या उसाला तोड वेळेवर आली नाही. आज येते, उद्या येते करत उन्हाळा लागला. ऊस वाळला, वजनात मार बसला. मुलाला पुढच्या हंगामाला बोलावणं आलं नाही. हे मतामुळंच झालं असं मी छातीठोकपणे लिहिणार नाही. तोड अनेक कारणांनी लांबते, हे इथल्या प्रत्येक शेतकऱ्याला माहीत आहे. पण एक दिवस नाना रस्त्यात भेटले आणि एवढंच म्हणाले, "कळतंया रं, पत्रकार." आवाजात राग नव्हता. ते पुढं कधी त्या विषयावर बोलले नाहीत. आज नाना नाहीत.

कसं कळलं, हे मला अठरा वर्षांनी लेकीच्या वहीत सापडलं.

आठ उमेदवारांतून तीन शिक्के. पहिला शिक्का आठांपैकी कुणावरही, दुसरा उरलेल्या सातांपैकी, तिसरा सहांपैकी. आठ गुणिले सात गुणिले सहा म्हणजे ३३६. पण शिक्के कुठल्या क्रमानं मारले ते कागदावर दिसत नाही. त्याच तीन नावांचे सहा क्रम होतात, म्हणून सहानं भागायचं. राहिले ५६. म्हणजे तीन शिक्के मारण्याच्या ५६ वेगवेगळ्या तऱ्हा. गावातल्या दीडशेहून जास्त लोकांनी त्यातल्या फक्त दोन वापरल्या: हे पॅनेल किंवा ते पॅनेल. उरलेल्या ५४ तऱ्हांमध्ये पाच-दहा चिठ्ठ्या विखुरलेल्या. त्यातली एक चिठ्ठी अशी, की दोन शिक्के सत्ताधारी पॅनेलवर आणि तिसरा बापूंवर. गावात बापूंचा शाळासोबती कोण, आणि पोरगं कारखान्यात असल्यामुळं पॅनेल सोडू न शकणारा कोण? सही नव्हती, अंगठा नव्हता. पण ती चिठ्ठी नानांचीच होती.

मी नानांना सांगितलं होतं, 'हजारो चिठ्ठ्यांत.' चूक तिथं होती. चिठ्ठ्या हजारो नव्हत्या, एका गावच्या होत्या. त्या गावात नानांसारखी चिठ्ठी एकच होती.

पुढं एका जुन्या कार्यकर्त्यानं मला याची दुसरी बाजू सांगितली. कुणाचं मत 'घेतलं' असेल आणि ते खरंच पडलं का हे बघायचं असेल, तर त्या घराला एक वेगळी तऱ्हा नेमून द्यायची. एका घराला सांगायचं, दोन आमचे आणि तिसरा अमुक अपक्ष. दुसऱ्या घराला सांगायचं, दोनच शिक्के मारा, तिसरा मारूच नका. मोजणीच्या टेबलावर ती तऱ्हा दिसली की घर पावलं. नाही दिसली की मग आहेच. जेवढे उमेदवार जास्त, जेवढ्या जागा जास्त, तेवढ्या अशा खुणा जास्त.

आता हा आकडा किती वाढतो ते बघा. उदाहरणाला आपलं माळेगाव घेऊ. तिथं असं काही झालं असं मी अजिबात म्हणत नाही, फक्त गणितासाठी घेतोय. जून २०२५ च्या निवडणुकीत २१ संचालकांसाठी चार पॅनेल रिंगणात होते. त्या वेळी उपमुख्यमंत्री असलेले अजित पवार स्वतः 'ब' वर्गातून उभे होते. त्यांच्या नीळकंठेश्वर पॅनेलनं २० जागा जिंकल्या, एक जागा विरोधी पॅनेलच्या चंद्रराव तावरे यांच्याकडं गेली. मोजणी एका दिवसात उरकली नाही, हे सगळ्यांना आठवत असेल.

चार पॅनेल आणि तीन जागांचा एक गट धरा. अपक्ष सोडले तरी १२ उमेदवार. बारा गुणिले अकरा गुणिले दहा, १,३२०. सहानं भागलं की २२०. शिवाय कमी शिक्के मारले तरी मत चालतं. दोनच शिक्के मारण्याच्या ६६ तऱ्हा, एकच मारण्याच्या १२. इथं 'किंवा' आलं, म्हणून बेरीज: २२० अधिक ६६ अधिक १२, एकूण २९८. कोरी मतपत्रिका धरली तर २९९. पॅनेल टू पॅनेल मतदान करणारे यातल्या फक्त चार वापरतात.

आणि हा झाला एक गट. असे तीन गट घेतले, प्रत्येकात तीन शिक्के धरले, तरी २२० गुणिले २२० गुणिले २२०. एक कोटी सहा लाख अठ्ठेचाळीस हजार. माळेगावचे मतदार वीस हजारांच्या घरात. म्हणजे प्रत्येक सभासदाला स्वतःची, दुसऱ्या कुणाचीच नसलेली तऱ्हा वापरता येईल आणि तरी पाचशे पट उरतील.

ऐकायला किती छान वाटतं! सभासद राजा आहे, त्याच्या हातात कोटीभर पर्याय आहेत. पण नानांचा अनुभव ध्यानात ठेवला तर अंगावर काटा येतो. जी तऱ्हा दुसऱ्या कुणाचीच नाही, ती म्हणजे तुमची सहीच की.

म्हणूनच प्रत्येक गटाची मतपत्रिका वेगळी असण्याला फार मोठा अर्थ आहे. कागद वेगळे झाले की तुमच्या पणदऱ्याच्या मताची आणि सांगवीच्या मताची जोडी तुटते. तो कोटीचा गुणाकार मोडून दोनशे-दोनशेचे तुकडे होतात. मी कितीतरी वेळा बातमीत लिहिलं असेल, "रंगीबेरंगी मतपत्रिकांमुळं मतदारांचा गोंधळ." गोंधळ होतो, खरं आहे. पण तो रंग मतदाराची पाठ राखतो, हे मी एकदाही लिहिलं नाही.

ही फक्त खेड्यापाड्यातली गोष्ट आहे असं समजू नका. विधान परिषदेला आमदार मतदान करतात, ते गुप्त असतं. राज्यसभेला २००३ पासून मत पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवावं लागतं, परिषदेला तसं नाही. १२ जुलै २०२४ च्या परिषद निवडणुकीत ११ जागांसाठी १२ उमेदवार होते आणि मतदार आमदार २७४. शेकापचे जयंत पाटील पडले, काँग्रेसची काही मतं फुटली. फुटलेले आमदार ओळखले आहेत, असं काँग्रेसच्या नेत्यांनी जाहीर सांगितलं.

तिथं शिक्का नसतो, पसंतीक्रम लिहायचा असतो: १, २, ३. म्हणजे क्रमाला किंमत आहे, सहानं भागायचं नाही. नुसत्या पहिल्या तीन पसंतीच्या तऱ्हा बारा गुणिले अकरा गुणिले दहा, तेच आपले १,३२०. मतदारांच्या जवळजवळ पाच पट. पहिली पसंती पक्षानं ठरवून दिली, तरी दुसरी आणि तिसरी मिळून अकरा गुणिले दहा, ११० तऱ्हा राहतात. काँग्रेसचे तेव्हा ३७ आमदार होते. पक्षानं मनात आणलं, तर प्रत्येक आमदाराला वेगळा क्रम नेमून देऊनही उरतील एवढी जागा गणितात आहे. मतपत्रिका गुप्त, क्रम मात्र बोलका.

आता परत माझ्या चुकलेल्या पंधराकडं येतो.

नगरपालिकेच्या मशीनवर तुम्ही तीन बटणं दाबली. एकशेवीसपैकी एक तऱ्हा तुम्ही वापरली. पण निकालाच्या दिवशी मशीन काय दाखवतं? या उमेदवाराला इतकी, त्या उमेदवाराला तितकी, नोटाला इतकी. सहा आकडे अध्यक्षाचे, चार 'अ' चे, पाच 'ब' चे. एकूण पंधरा आकडे! अध्यक्ष एका पक्षाचा आणि नगरसेवक दुसऱ्या पक्षाचा असं मत किती जणांनी दिलं, हे त्यातून दिसत नाही. मतदान करताना गुणाकार, मोजताना बेरीज. लेकीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे तुमचं उत्तर बरोबर होतं, पप्पा. फक्त प्रश्न दुसरा होता."

मशीनमुळं जोडी लपली, पण बूथ लपलं नाही. प्रत्येक मशीनची मोजणी वेगळी होते, त्यामुळं कुठल्या बूथवर कुणाला किती पडली हे सगळ्यांना कळतं. निकालाच्या दुसऱ्या दिवशी वस्तीवर जाऊन "तुमच्या बूथवर आम्हाला एवढीच का?" असं विचारणारे कमी आहेत का? कागदी मतपत्रिकांच्या काळात पेट्यांमधली मतं एकत्र मिसळून मग मोजण्याची सोय होती. मशीनसाठी तसंच काही करावं म्हणून निवडणूक आयोगानं २००८ मध्ये टोटलायझर नावाचं यंत्र सुचवलं. चौदाएक मशीन एकत्र जोडून त्यांची एकच बेरीज दाखवायची. कायदा आयोगानं २०१५ च्या २५५ व्या अहवालात त्याला पाठिंबा दिला. केंद्र सरकारनं ते मानलं नाही. बूथनिहाय आकडे कुणाला हवे असतात आणि का हवे असतात, हे मी तुम्हाला वेगळं सांगायला नको.

मग आपण काय करायचं? मी काही तज्ज्ञ नाही. पण नानांचं देणं आहे माझ्यावर, म्हणून तीन गोष्टी लिहितो.

एक. कारखाना असो, सोसायटी असो, जिथं कागदावर शिक्के मारायचे आहेत तिथल्या सभासदांनी निवडणूक अधिकाऱ्याकडं आधीच लेखी मागणी करावी, की मोजणीपूर्वी सगळ्या केंद्रांच्या मतपत्रिका एकत्र मिसळाव्यात. गावाची पेटी गावाच्या टेबलावर उघडली की गुप्तता अर्धी गेली. पावणेदोनशे चिठ्ठ्यांत नाना सापडतात, वीस हजारांत सापडत नाहीत.

दोन. कुणी तुम्हाला शिक्के मारायची चमत्कारिक तऱ्हा सांगितली, "याला मार, त्याला मार, आणि तिसरा रिकामा सोड," तर ती मताची विनंती नाही. तुमच्या गळ्यात बांधलेला बिल्ला आहे तो.

तीन. ही सगळ्यात महत्त्वाची. जेवढी जास्त माणसं पॅनेल मोडून, माणूस बघून मत देतील, तेवढं असं मत देणाऱ्याला ओळखणं अवघड होईल. गावात एकटा नाना वेगळं मत देतो तेव्हा तो उघडा पडतो. पन्नास जणांनी आपापल्या मनानं शिक्के मारले, तर वही-पेन घेऊन बसलेल्यानं कुणाकुणाचं नाव लिहायचं? पॅनेलवर डोळे झाकून शिक्का मारणारे आपलं मत तर देतातच, पण शेजारच्या नानांना उघडं पण पाडतात. यात मी कुठल्या एका पॅनेलच्या विरोधात बोलत नाही. पॅनेलमधले तिघंही चांगले वाटले तर तिघांना द्या. पण वाटलं म्हणून द्या.

गेल्या आठवड्यात नानांचा धाकटा भेटला. आता त्याचं स्वतःचं दुकान आहे, बरं चाललंय. त्याला मी ही सगळी आकडेमोड सांगितली. पत्रकारानं अठरा वर्षांनी केलेला खुलासा. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "दादा, आण्णांना त्यातलं काय माहीत न्हवतं. पर ते शेवटपर्यंत म्हणायचे, बापूला मत दिलं ते बरं केलं."

बापूंना त्या निवडणुकीत आमच्या गावात किती मतं पडली होती, हे माझ्या जुन्या वहीत आहे. चार. त्यातलं एक कुणाचं होतं, हे सगळ्या गावाला कळलं. बाकीचे तिघं कोण, ते आजपर्यंत कुणाला कळलेलं नाही. ते जिथं कुठं असतील, सुखी असोत.

बघा पटतंय का. पटलं तर सभासद असलेल्या चार जणांना वाचायला द्या.